ताशी हजार किलोमीटरवरून दीड सेकंदात थांबलेला डॉक्टर आणि बाळाच्या कार सीटचे पट्टे

डिसेंबर १९५४. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातला हॉलोमन हवाई तळ. तिथे राहणारा ४४ वर्षांचा एक लष्करी डॉक्टर खोलीतले दिवे बंद करून अंधारात कपडे घालायचा आणि काढायचा सराव करत होता. येणाऱ्या प्रयोगात आपले डोळे कायमचे जाऊ शकतात, हे त्याला माहीत होतं. तसं झालंच तर निदान स्वतःची कामं तरी कुणाच्या मदतीशिवाय करता यावीत, एवढाच त्यामागचा हिशेब.

१० डिसेंबरला त्याला एका उघड्या स्लेडवर, म्हणजे रुळांवरून घसरत जाणाऱ्या गाडीवर, आवळून बांधण्यात आलं. मागे नऊ रॉकेट्स. पाच सेकंदांत त्या गाडीने ताशी ६३२ मैल, म्हणजे साधारण १०१७ किलोमीटरचा वेग गाठला. पुढे रुळांमध्ये पाणी भरून ठेवलेलं होतं. त्या पाण्याने तिला १.४ सेकंदात जागच्या जागी थांबवलं.

थांबताना त्याच्या शरीरावर ४६.२ जी इतका ताण आला. एक जी म्हणजे आपलं रोजचं वजन. त्यामुळे ७५ किलोंच्या माणसाला त्या क्षणी आपलं वजन साडेतीन हजार किलोंच्या आसपास झाल्यासारखं वाटेल. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि त्याला काहीच दिसेना. मात्र काही वेळाने दृष्टी परत आली.

या डॉक्टरचं नाव जॉन पॉल स्टॅप. वर्तमानपत्रांनी त्याला जगातला सर्वात वेगवान माणूस ठरवलं आणि १२ सप्टेंबर १९५५ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा चेहरा झळकला. त्याची गोष्ट सहसा इथपर्यंतच सांगितली जाते. पण वेगाचा विक्रम करणं हा त्याचा उद्योग कधीच नव्हता. त्याला वेगात नाही, थांबण्यात रस होता. माणूस अचानक थांबला तर मरतो का? मरत असेल तर नेमका कशाने? आणि त्याला नीट बांधलं तर तो वाचतो का? आज गाडीच्या मागच्या सीटवर बाळाची जी छोटी खुर्ची बसवतात, तिच्या रचनेत याच प्रश्नांची उत्तरं आहेत.

एका बाळाचा मृत्यू

स्टॅपचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमधल्या बाहिया इथे झाला. आईवडील अमेरिकन मिशनरी होते. चार भावांतला हा थोरला. शाळेसाठी तो अमेरिकेत टेक्सासला आला आणि पुढे तिथल्याच बेलर विद्यापीठात दाखल झाला. डॉक्टर होण्याचा विचारही त्याच्या मनात नव्हता. ओढ होती ती साहित्याची, लेखनाची.

१९२८ च्या नाताळच्या सुट्टीत तो नातेवाइकांकडे गेला होता. घरात रांगतं बाळ होतं, त्याचं मावस-चुलत भावंड. ते रांगत रांगत पेटत्या शेकोटीत गेलं आणि भयंकर भाजलं. स्टॅप त्याच्या उशाशी बसून राहिला. तब्बल ६२ तास. बाळ वाचलं नाही.

माणूस मरताना त्याने पहिल्यांदाच पाहिला होता, आणि तोही इतका लहान. सुट्टी संपवून कॉलेजात परतला तेव्हा त्याचा निर्णय झालेला होता. पण वैद्यकीय शिक्षणाला पैसे नव्हते. म्हणून आधी प्राणिशास्त्र, मग शिकवण्याची नोकरी, मग टेक्सास विद्यापीठातून १९४० मध्ये जैवभौतिकशास्त्रात डॉक्टरेट, आणि त्यानंतर मिनेसोटा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी. घरातल्या त्या मृत्यूपासून डॉक्टर होईपर्यंत पंधरा-सोळा वर्षं गेली. १९४४ मध्ये तो लष्कराच्या हवाई दलात रुजू झाला.

ऑस्करने शिकवलेला धडा

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हवाई दलासमोर एक कोडं होतं. विमानं कोसळत, पण कित्येकदा विमानाचा सांगाडा शाबूत असायचा आणि आतला माणूस मात्र मेलेला. तेव्हा मानलं जायचं की माणसाचं शरीर १८ जी पेक्षा जास्त झटका सोसूच शकत नाही. विमानातल्या सीटही त्याच आकड्याच्या हिशेबाने बांधलेल्या. पण मग काही वैमानिक याहून मोठ्या धक्क्यांतून वाचतात कसे?

१९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक तळावर (आजचा एडवर्ड्स तळ) हे कोडं सोडवायचं काम स्टॅपकडे आलं. वाळवंटात सुमारे ६०० मीटरचे रूळ, त्यावर रॉकेटने पळणारी एक स्लेड, तिचं नाव 'जी व्हिझ', आणि शेवटी करकचून थांबवणारे ब्रेक. प्रवासी होता ऑस्कर एटबॉल नावाचा ८४ किलोंचा पुतळा.

एका चाचणीत ऑस्करला मुद्दामच हलक्या पट्ट्याने बांधलं. ब्रेक लागले, सुमारे ३० जीचा झटका बसला आणि ऑस्कर पट्ट्यातून सुटला. समोरची एक इंच जाडीची लाकडी फळी फोडून तो उडाला, रबराचा चेहरा मागेच राहिला, आणि धड दोनशे मीटरहून पुढे जाऊन पडलं. स्लेड मात्र जिथे थांबायची तिथे थांबली होती.

यात सगळं आलं. गाडी थांबली म्हणजे आतला माणूस थांबत नाही. तो आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि त्याला कुणीतरी थांबवावंच लागतं. ते काम पट्ट्याने केलं तर ठीक, नाहीतर डॅशबोर्ड, काच किंवा रस्ता ते करतो.

आता ऑस्करच्या जागी मांडीवरचं बाळ ठेवून बघा. आपल्याकडे अजूनही पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ असतं, आणि घट्ट धरलंय की, असं सगळ्यांनाच वाटतं. हिशेब अगदी साधा आहे. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, बाळाचं वजन १० किलो. धडक बसून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर झटका साधारण १४ जीचा. म्हणजे आईच्या हातांवर एकदम १४० किलोंचा ओढा. एवढं वजन कुठल्याही आईच्या हातात राहणार नाही, मग माया कितीही असो. आईने स्वतःच्याच बेल्टमध्ये बाळालाही घेतलं असेल तर आणखी वाईट, कारण मग आईचं सगळं वजन बाळावर येतं आणि पुढून पट्टा दाबतो.

पाठ कुठे करायची?

पुतळ्यांनंतर माणसाची पाळी आली. स्टॅपने दुसऱ्या कुणाला बसवलं नाही, तो स्वतःच बसला. डिसेंबर १९४७ च्या पहिल्या फेरीत त्याने तोंड मागे केलं होतं, म्हणजे पाठ प्रवासाच्या दिशेला. ब्रेक लागला की शरीर सीटच्या पाठीत दाबलं जायचं. डोकं, मान, पाठ, कंबर सगळं एकाच वेळी टेकलेलं, त्यामुळे झटका अख्ख्या पाठीवर वाटला जायचा. ऑगस्ट १९४८ पर्यंत त्याच्या १६ फेऱ्या झाल्या आणि तो ३५ जी पर्यंत पोचला. १८ जीचा जुना आकडा निकालात निघाला.

मग त्याने तोंड पुढे केलं, आणि फरक लगेच जाणवला. आता धड पट्ट्यांनी धरलेलं, पण डोकं मोकळं. ते पुढे फेकलं जायचं आणि सगळा भार मानेवर यायचा. डोळ्यांत रक्त उतरायचं. या वर्षांत त्याचं मनगट दोनदा मोडलं, बरगड्यांना तडे गेले, दातांतलं सिमेंट निघून आलं. तो दर वेळी आपल्याच दुखापतींची नोंद करायचा, जणू दुसऱ्याच रुग्णाची केस आहे.

निष्कर्ष असा निघाला की मागे तोंड करून बसलेला माणूस पुढे तोंड केलेल्यापेक्षा कितीतरी जास्त झटका सोसतो, आणि त्याला पट्ट्यांचा आधारही कमी लागतो. या प्रयोगांनंतर अमेरिकी लष्कराच्या अनेक वाहतूक विमानांत उलट्या दिशेच्या सीट बसवल्या गेल्या. ब्रिटनच्या हवाई दलानेही तेच केलं. प्रवासी विमान कंपन्यांना हे सगळं कळलं होतं, तरी त्यांनी सीट फिरवल्या नाहीत.

पट्ट्यांबद्दलही तो फार काही शिकला. छातीवर रुंद पट्टे हवेत, खांद्यांवरून यायला हवेत, कमरेचा पट्टा पोटावर नाही तर ओटीपोटाच्या हाडावर हवा, आणि तो वर सरकू नये म्हणून पायांमधून आणखी एक पट्टा हवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ढील नको. पट्टा चार बोटं सैल असेल तर गाडी थांबायला लागते तेव्हा माणूस अजून पूर्ण वेगातच असतो. ढील संपते आणि मग तो एकदम अडकतो. गाडीपेक्षा त्याला बसणारा झटका मोठा ठरतो. बांधलंय तर खरं, पण उशिरा बांधल्यासारखं.

म्युरॉकच्या दिवसांतली एक गोष्ट त्याच्या प्रसिद्धीत हरवते. तळावरच्या जवानांच्या बायकामुलांना डॉक्टर सहज मिळत नसे. स्टॅप दिवसभर स्लेडवर आणि संध्याकाळनंतर घरोघरी जाऊन त्यांना तपासायचा. हे त्याच्या नेमून दिलेल्या कामात बसत नव्हतं.

मर्फी भेटतो

१९४९ मध्ये एडवर्ड मर्फी नावाचा कॅप्टन झटका मोजणारी नवी उपकरणं घेऊन आला. ती पट्ट्यांना लावली, फेरी झाली आणि आकडा आला शून्य. तपासलं तर तारा उलट्या जोडलेल्या. मर्फी वैतागून काय बोलला यावर आजही वाद आहेत, पण स्टॅपने ते उचललं आणि पुढे पत्रकारांना सांगितलं की त्यांच्या प्रकल्पात चूक होण्याची जिथे जागा आहे तिथे ती होणारच, असं धरूनच काम चालतं. मर्फीचा नियम म्हणून जग ओळखतं तो हाच. आपण तो हल्ली बस चुकली की विनोदाने वापरतो. स्टॅपच्या टीमसाठी मात्र ती फेरीआधीची तपासणी होती: काय काय उलटं जोडलं जाऊ शकतं?

बाळाच्या सीटचं दुखणं नेमकं हेच. सीट उत्तम असते, बसवताना चुकते. गाडीचा बेल्ट चुकीच्या खाचेतून जातो, कुलूप लागत नाही, वरचा पट्टा अडकवायचा राहून जातो. म्हणूनच पुढे आयसोफिक्स ही पद्धत आली. गाडीच्या मागच्या सीटमध्येच लोखंडी कड्या, बाळाच्या सीटला जुळणारे आकडे, आणि नीट बसले की अनेक सीटवर हिरवी खूण दिसते. उलटं जोडायला वावच कमी. सप्टेंबर २००२ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना अशा कड्या देणं बंधनकारक झालं.

विमानातून रस्त्यावर

१९५३ मध्ये स्टॅप हॉलोमनला आला आणि सुरुवातीला सांगितलेली ती प्रचंड फेरी त्याने तिथे केली. ती त्याची २९ वी आणि शेवटची. त्याला आणखी वेग हवा होता, पण वरिष्ठांनी त्याला पुन्हा बसू दिलं नाही. नंतर फुग्यांतून वातावरणाच्या टोकापर्यंत माणूस पाठवण्याच्या प्रयोगांतही तो होता.

पण त्याच्या मनात आता वेगळंच होतं. हवाई दलाच्या मृत्यूंच्या नोंदी चाळताना त्याला दिसलं की विमान अपघातांपेक्षा जास्त माणसं साध्या मोटार अपघातांत जात होती. लाखो रुपयांच्या विमानात वैमानिकाला आवळून बांधायचं आणि संध्याकाळी तोच आपल्या गाडीत मोकळा बसून घरी निघणार! स्टॅपने जुन्या गाड्या मिळवल्या आणि हॉलोमनवर त्यांच्या धडकेच्या चाचण्या सुरू केल्या. वरिष्ठ कुरकुरले, हवाई दलाचा मोटारींशी काय संबंध? त्याने मृत्यूंचे आकडे पुढे केले. या काळात चिंपांझी, डुकरं, अस्वलं अशा प्राण्यांवरही प्रयोग झाले. आज ती पानं वाचताना अंगावर काटा येतो.

१९५५ मध्ये त्याने मोटार कंपन्यांचे लोक, डॉक्टर, संशोधक यांना हॉलोमनला बोलावलं आणि चाचण्या डोळ्यांसमोर दाखवल्या. तीच स्टॅप कार क्रॅश परिषद. तेव्हा बहुतेक अमेरिकी गाड्यांत बेल्ट हा प्रकारच नव्हता. मुलांच्या सीट बाजारात होत्या, पण त्या मुलाला उंच बसवून खिडकीबाहेरचं दिसावं म्हणून. गाडीच्या सीटच्या पाठीवर दोन आकडे अडकवायचे, पुढे खेळण्यातलं स्टिअरिंग. धडकेत ती सीट मुलासकट निघून यायची. ऑस्करच की.

स्वीडनचा डॉक्टर

स्टॅपचं नाव असलेल्या या परिषदेच्या आठव्या बैठकीत, १९६४ मध्ये, बर्टिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरने एक ते सहा वर्षांच्या मुलांसाठीच्या सुरक्षित सीटवरचा निबंध मांडला. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, म्हणजे जोर अख्ख्या पाठीवर येतो, हे पाहून त्याला कल्पना सुचली होती. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करायचं. त्याच वर्षी व्होल्वोच्या गाडीत अशा सीटची चाचणी झाली. स्टॅपने स्वतःच्या पाठीवर जे मोजलं होतं, ते आता मुलांपर्यंत पोचत होतं.

आणि मुलांना त्याची गरज जास्तच असते. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या सुमारे चौथा भाग असतं, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा. मानेची हाडं अजून पूर्ण हाडं झालेली नसतात, काही भाग कूर्चेचाच असतो. असं जड डोकं पुढे फेकलं गेलं तर मान ते पेलू शकत नाही. म्हणून निदान दोन वर्षांपर्यंत, आणि सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही, बाळाचं तोंड मागेच ठेवायला सांगतात. पाय सीटच्या पाठीला टेकतात, दुमडतात, ते चालतं. मात्र अशी सीट चालू एअरबॅगसमोर, पुढच्या जागेवर कधीही नको. फुगणारी एअरबॅग बाळाच्या डोक्यामागच्या पाठीवरच आदळते.

बसवताना बघायचं काय, तर स्टॅपच्याच यादीतलं. सीट गाडीला पक्की आहे का? बेल्ट जातो त्या जागी धरून हलवली तर ती एक इंचापेक्षा जास्त सरकायला नको. गाडीच्या सीटवर गुडघा दाबून बेल्ट ओढला की तो चांगला आवळतो. बाळाचे पट्टे सैल तर नाहीत? खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघायचा, चुणी पडली तर ढील आहे. तोंड मागे असेल तर पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत, तोंड पुढे असेल तर रेषेत किंवा किंचित वरून. पुढे तोंड केलेल्या सीटचा वरचा पट्टा गाडीतल्या कडीला अडकवायचाच, डोकं पुढे जाणं तोच कमी करतो. आयसोफिक्स आणि गाडीचा बेल्ट दोन्ही एकदम लावू नयेत, सीटच्या पुस्तिकेत तसं सांगितलं असेल तरच.

आपल्याकडचा एक खास घोळ म्हणजे दुपटं. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या पायांमधून पट्टा जातच नाही, आणि जाड स्वेटर घातला तर पट्टा घट्ट वाटतो पण आत हवाच असते. आधी पट्टे लावायचे आणि मग वरून पांघरूण घालायचं. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्टने किंवा मुलांच्या सीटने बांधलं नसेल तर एक हजार रुपये दंड.

शेवटची वर्षं

९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली तेव्हा स्टॅप तिथे हजर होता. १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींत बेल्ट देणं सक्तीचं झालं. स्टॅप नंतर सरकारच्या रस्ता सुरक्षा खात्यात गेला आणि १९७० मध्ये हवाई दलातून निवृत्त झाला. मुलांच्या सीटसाठीचा पहिला अमेरिकी मानदंड १९७१ मध्ये लागू झाला, पण त्यात सीट खरोखर आदळून बघण्याची अट नव्हती. ती यायला १९८१ उजाडलं. मुलांना सीटमध्ये बसवणं पालकांना सक्तीचं करणारं पहिलं राज्य टेनेसी, १९७८ मध्ये. म्हणजे स्टॅपने स्लेडवर बसून उत्तर शोधल्यानंतर तीस वर्षांनी.

१९५७ मध्ये त्याने लिलियन या बॅले नर्तिकेशी लग्न केलं होतं. १९९१ मध्ये त्याला अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. शरीराची एवढी मोडतोड करून घेतलेला हा माणूस १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोमध्ये आपल्या घरी वारला.

त्याच गावातल्या अंतराळ इतिहास संग्रहालयात त्याची ती शेवटची स्लेड, 'सॉनिक विंड नंबर वन', उघड्यावर ठेवलेली आहे. आणि त्याची परिषद अजूनही दरवर्षी भरते. लहान मुलांच्या सीट, त्यांच्या माना आणि खांद्यावरचे पट्टे यांवरचे निबंध तिथे आजही वाचले जातात.